मांजरांचं चक्रवाढ व्याज

आमच्या नांदेडकडे सोयरीक जमवताना चार पिढ्या उकरून काढतात. मुलाचं मामकूळ, मुलीचं गोत्र, आत्याच्या जावेचं माहेर, सगळं. एवढं उकरून पोरगी शेवटी मामाचीच करतात, ही गोष्ट निराळी. पण मांजराचा विषय निघाला की तीच मंडळी म्हणतात, ‘मुक्या जिवाला कसलं आलंय नातं?’

लातूरच्या माझ्या मेहुण्यानं एकाच वेतातली दोन पिल्लं आणली होती. एक बोका, एक भाटी. भाऊबीजेला पाटावर बसवावी अशी जोडी. सहा महिन्यांत भाटी रात्ररात्र ओरडू लागली आणि पुढं दोनेक महिन्यांनी मेहुण्याचा फोन आला.

“दाजी, चार पिल्लं झालीत. पण ती घराबाहेर कधी गेलीच नव्हती हो!”

“मग हिशेब सोपा आहे,” मी म्हणालो.

खरोखरच सोपा आहे. कॉमर्सवाल्याला जमावा इतका. प्रत्येक जीव दोन खातेवह्या घेऊन जन्माला येतो, एक आईकडची, एक बापाकडची. एकीत एखादं खातं बुडीत असलं तरी बहुतेक वेळा दुसरी निभावून नेते. आईबाप एकाच रक्ताचे असले, की दोन्ही वह्यांत एकाच पूर्वजाचं तेच पान उतरून येण्याचा संभव वाढतो. त्याचे दरही ठरलेले आहेत. मामेबहीण केली तर संततीत ६.२५ टक्के, सख्खी भाची केली तर १२.५, आणि सख्खे भाऊबहीण किंवा आई-मुलगा असतील तर २५. भावाबहिणीचंच पुढं चालू ठेवलं तर दुसऱ्या पिढीला ३७.५, तिसरीला ५०. एवढं चक्रवाढ आमची बँक कुठल्याच ठेवीवर देत नाही. मग पिल्लं कमी होतात, जगतात त्याहून कमी, आणि जगलेली आजाराला लवकर बळी पडतात. (मेहुण्यानं मामाचीच मुलगी केली आहे. म्हणून फोनवर दर वाचताना पहिली ओळ मी गाळली.)

कंधारकडं लालकंधारी किंवा देवणीला देवणी जनावर राखणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. वळूच्याच कालवडी वयात आल्या की तो वळू बदलतो. मोकळ्या रानात बोका मोठा झाला की बहुधा दूर निघून जातो. तिथं अंतर हेच गोत्र. आपण त्याला दोन खोल्यांत बहिणीबरोबर कोंडायचं आणि वर ‘निसर्गाच्या आड येऊ नये’ म्हणायचं!

हे वाक्य मामींचं. मामी म्हणजे मेहुण्याची मामी आणि सासूही, एकाच व्यक्तीत. ऑपरेशनचं नाव काढताच त्या म्हणाल्या, “मुक्या जिवाचं आईपण काढून घेताव? पाप लागतंय.”

मामींची रीत जुनी. डोळे उघडले की पिल्लं पोत्यात घालायची आणि गंजगोलाईत सोडून यायची. तिथं सोळा रस्ते फुटतात. पिल्लाचा त्यातला एकही नाही. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं अशी समजूत आहे, आणि आजच्या भावात ते कर्ज काढूनही जमायचं नाही. पण सोडलं म्हणजे काही मारलं नाही! पुढं कुत्र्यानं धरलं, टेम्पोखाली आलं, तर ते पाप कुत्र्याच्या आणि टेम्पोच्या नावे. जमाखर्चाची ही पद्धत आमच्या ऑडिटरनं एक दिवससुद्धा चालू दिली नसती.

“मामी, पोळ्याला तुम्ही ज्याला ओवाळून पुरणपोळी घालता, तो बैल खच्ची केलेला असतो. त्याला कुणी विचारलं होतं?”

मामी जरा थांबल्या. “बैलाचं येगळं. तो कामाचा असतोय.”

म्हणजे कामाचा असला की पाप माफ. तरी मांजरीला कुणी विचारलेलं नाही, हे मामींचं म्हणणं मला खोडता येत नाही. ऑपरेशनच्या कागदावर तिची सही नसणार. पण पोत्यावर तरी कुठं होती? शिवाय घाई आहे. पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते, आणि बापमामा एकच असलेला तो बोका घरातच पाय पसरून झोपलेला.

पिल्लं चार निरनिराळ्या घरी जायची ठरली. ती दूध सोडतील तेव्हाची भाटीची तारीखही डॉक्टरांकडून घेतली. बोक्याचं ऑपरेशन त्याहून लहान, आजही होईल असं डॉक्टर म्हणाले, तर मेहुणा खालच्या आवाजात म्हणतो, “दाजी, त्याचं नको. पुरुषासारखा पुरुष आहे.”

“त्याचंच आधी कर म्हणावं,” मागून मामींचा आवाज आला.