हिमाखालची भूमी आणि अनुमानाचा अधिकार

अंटार्क्टिकाच्या हिमचादरीची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे आणि तिच्याखाली दडलेले पर्वत, दऱ्या व सरोवरे कोणाही मनुष्याच्या दृष्टीस पडलेली नाहीत; तरीही त्या भूमीचे नकाशे आज उपलब्ध आहेत, त्यांतील पर्वतरांगांना नावे आहेत, आणि येत्या शतकांत समुद्राची पातळी किती चढेल याचे गणित त्याच नकाशांच्या आधारे मांडले जाते. अशा भूमीला ‘ज्ञात’ म्हणण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटला, तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने कोणती आणि त्यांची मर्यादा कोणती हे तपासणाऱ्या शास्त्राचा आहे. न्याय आणि मीमांसा या दर्शनांनी त्याचा ज्या बारकाईने विचार केला आहे, ती बारकाई या नकाशांना लावून पाहणे अगत्याचे आहे.

या शोधाचा आरंभ एका सदोष मापनातून झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास हिमप्रदेशांवरून उडणाऱ्या विमानांतील रडार-उंचीमापके जमिनीपासूनची उंची चुकीची दाखवीत असत, कारण काही कंप्रतांच्या रेडिओ लहरी बर्फाच्या पृष्ठभागावरून परतण्याऐवजी आत शिरत आणि खालच्या थरांवरून परावर्तित होत. ज्या गुणधर्मामुळे ही चूक घडत होती, तोच पुढे मापनाचे साधन बनला. केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात त्यासाठी खास उपकरणे तयार झाली आणि पुढील दशकात विमानांतून अंटार्क्टिकाच्या विस्तीर्ण भागाचे सर्वेक्षण झाले. रेडिओ लहर बर्फातून एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर जाते. त्यामुळे तळाच्या खडकावरून ती परतायला ३६ मायक्रोसेकंद लागले, तर जाण्यायेण्याचे अंतर सहा किलोमीटर आणि बर्फाची जाडी तीन किलोमीटर ठरते.

येथे उपकरणाला साक्षात मिळतो तो केवळ काळ आणि परतलेल्या लहरीची तीव्रता. न्यायमतानुसार प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधातून उपजलेले ज्ञान. हा संबंध येथे खडकाशी येत नाही, म्हणून हिमतळाचे ज्ञान अनुमानच आहे. पर्वतावर धूर पाहून अग्नीचे ज्ञान होते, तेव्हा धूर हा हेतू असतो, अग्नी हे साध्य असते, आणि ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे नियत साहचर्य, म्हणजे व्याप्ती, दोहोंना जोडते. अनुमानाची सारी भिस्त या व्याप्तीवर असते, आणि तिला पोखरणाऱ्या दोषांत नैयायिकांनी ‘उपाधी’ला मोठे स्थान दिले आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी ओले इंधनही लागते. हे ओले इंधन म्हणजे त्या उलट अनुमानातली लपलेली अट, म्हणजेच उपाधी होय.

रडारच्या नोंदींत अशी उपाधी अनेकदा लपलेली असते. बर्फाखाली पाणी असेल तर परतलेली लहर अधिक तीव्र असते, हे खरे. परंतु प्रत्येक तीव्र लहर पाण्याचीच असते, असे नव्हे. अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील व्होस्टोक सरोवराच्या बाबतीत सपाट आणि तेजस्वी परावर्तनाला भूकंपलहरींच्या मापनाची आणि उपग्रहांना दिसलेल्या वरच्या बर्फाच्या असाधारण सपाटीची जोड मिळाली, आणि २०१२ मध्ये रशियन वेधनयंत्र ३,७०० मीटरांहून अधिक खोलीवर खरोखरच पाण्यापर्यंत पोचले. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ, बर्फाखाली सुमारे दीड किलोमीटरवर, अशाच तीव्र परावर्तनावरून द्रवरूप पाणी असल्याचे २०१८ मध्ये प्रतिपादले गेले. त्यावर पुढे, काही प्रकारच्या मातीतूनही तसेच परावर्तन संभवते, असा आक्षेप आला. हेतू दोन्हीकडे एकच आहे. पहिल्या ठिकाणी इतर प्रमाणांनी उपाधीची शंका दूर केली, दुसऱ्या ठिकाणी ती उभीच आहे.

याहून कठीण प्रश्न न परतलेल्या लहरीचा आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात: घट येथे असता तर दिसला असता, तो दिसत नाही, म्हणून येथे घट नाही. त्याला त्यांनी घातलेली अट अशी की वस्तू असती तर ती उपलब्ध होण्याजोगी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अरुंद आणि खोल दरीत बाजूच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी तळाची लहर झाकून टाकतात, आणि हिमालयातील अनेक हिमनद्यांसारख्या तुलनेने उबदार बर्फात वितळपाणी लहरींना विखरून टाकते. अशा ठिकाणच्या रिकाम्या नोंदीला ‘येथे खोल दरी नाही’ असा अर्थ देणे म्हणजे अंधाऱ्या खोलीतला घट नाकारणे होय.

पूर्व अंटार्क्टिकातील डेन्मन हिमनदीच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तिच्या दरीचा तळ रडारला नीट सापडत नव्हता. परंतु बर्फ किती वेगाने वाहतो हे उपग्रहांवरून, आणि वरच्या प्रदेशात किती हिम साचते हे हवामानाच्या प्रतिमानांवरून ठाऊक होते. एवढा बर्फ इतक्या अरुंद वाटेने बाहेर पडायचा, तर ती वाट अतिशय खोल असली पाहिजे, या युक्तिवादाने २०१९ च्या ‘बेडमशीन’ नकाशात त्या दरीचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे ३,५०० मीटर दाखविला गेला. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतील: पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे; ज्याच्यावाचून ज्ञात गोष्टींची संगती लागत नाही, ते मानावेच लागते. नैयायिक अर्थापत्तीला अनुमानातच समाविष्ट करतात. या वादात येथे नैयायिकांचा पक्ष अधिक उपयोगी वाटतो, कारण अनुमान म्हटले की व्याप्ती कोणती आणि ती कोठे तपासली, हे विचारता येते. ‘मानावेच लागते’ या शब्दांत मात्र ती चौकशी सहज मिटून जाते. आत आलेला, बाहेर गेलेला आणि मध्ये साठलेला वा आटलेला बर्फ यांचा हिशेब जुळतो, हे गृहीतक या गणिताचा कणा आहे, आणि त्यात चूक असेल तितकी दरीच्या खोलीतही येईल.

ज्ञान आपोआप प्रमाण ठरते, असे मीमांसकांचे मत. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेल्या प्रवृत्तीच्या यशातून कळते. पाणी समजून जवळ गेलेल्याची तहान भागली, तरच ते ज्ञान खरे. हिमाखालच्या नकाशांसाठी असे यश वेधनातून मिळते. २०१३ मध्ये व्हिलन्स सरोवरावरील सुमारे ८०० मीटर बर्फ भेदून अमेरिकन संशोधक पाण्यापर्यंत पोचले, ते त्याचे उदाहरण. अशी ठिकाणे मोजकीच आहेत. उरलेल्या प्रदेशासाठी नैयायिकांनी आणखी एक वाट दाखविली आहे: पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचे नवे ज्ञान असेल, तर त्या सजातीयत्वावरून त्याच्या प्रामाण्याचे अनुमान करता येते. सपाट तळाच्या, थंड आणि मंद बर्फाच्या विस्तीर्ण प्रदेशांना ही वाट न्यायतः लागू पडते. समुद्रपातळीच्या दृष्टीने ज्यांचे महत्त्व सर्वाधिक, त्या वेगवान हिमनद्यांच्या खोल दऱ्या मात्र तपासलेल्या ठिकाणांच्या जातीच्या नाहीत, म्हणून तेथील आकड्यांशेजारी छापलेली अनिश्चिततेची मर्यादा आकड्याइतक्याच काळजीने वाचली पाहिजे.