विराटाचा वाडा सापडला नाही

वाईकरांसमोर बैराटचं नाव जरा जपूनच काढावं. पांडवांचा अज्ञातवास आपल्याच गावात झाला, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जयपूरच्या उत्तरेला 80-85 किलोमीटरवर असलेल्या बैराटचाही दावा तोच. सरकारदरबारी तर त्याचं नावच विराटनगर. कीचक एकच, मारला मात्र दोन गावांत.

दयाराम साहनी बैराटला खणायला आले तेव्हा नोकरीत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. 1921 मध्ये त्यांनी हडप्पा खणलं. 1931 ते 1935 ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. मग जयपूर संस्थानचं पुरातत्त्व खातं हाती घेतलं आणि बैराटच्या बीजक की पहाडी या टेकडीवर घमेली चढवली. देवदत्त रामकृष्ण भांडारकर पूर्वीच हा परिसर पाहून गेले होते. अशोकाचा भाब्रू लेख इथलाच. तो एकोणिसाव्या शतकातच कोलकात्याला गेला.

विराटाचा वाडा काही निघाला नाही. निघालं एक गोल बौद्ध मंदिर: मधोमध स्तूप, भोवती 26 अष्टकोनी लाकडी खांब आणि खांबांच्या मध्ये विटांचं बांधकाम. सगळं जळालेलं, मोडलेलं. हे पाप साहनींनी हूण राजा मिहिरकुलाच्या माथी मारलं. मला हे पटत नाही. राखेवर नाव लिहिलेलं नसतं. प्रत्येक भग्न भिंतीला एक ओळखीचा खलनायक हवा, ही ओढ आणि प्रत्येक टेकडीवर पांडव हवेत, ही ओढ एकाच घरातली. इतका मुरलेला माणूसही तिच्यातून सुटला नाही.

पण तिथल्याच बौद्ध विहाराच्या खोलीत सापडलेलं मडकं बघा. त्यात चांदीची 36 नाणी होती. 28 ग्रीक आणि इंडो-ग्रीक राजांची, त्यांतली 16 एकट्या मिनँडरची, म्हणजे आपल्या मिलिंदाची. भिक्षूने सोन्या-रुप्याला हात लावू नये, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा नियम. भाब्रू लेखात तर खुद्द अशोकाने भिक्षूंनी कोणते धर्मग्रंथ पुन्हा पुन्हा ऐकावेत, त्यांची यादी दिली आहे. आणि त्याच डोंगरावर, कोठडीत, कुणीतरी पैसे दडवून ठेवले होते! धर्मग्रंथांतून हा माणूस कधीच भेटला नसता.

उरलेली 8 आहत, म्हणजे ठसे मारलेली नाणी सुती कापडात गुंडाळलेली होती. साहनींनी नाण्यांबरोबर त्या कापडाचीही नोंद केली. नुसत्या चांदीसाठी खणणाऱ्याने ती चिंधी तिथेच झटकून टाकली असती.