आधी तो खोडरबर खाली ठेव

उभा राहा. आणि हातातला तो खोडरबर आधी खाली ठेव.

सकाळी नऊला ऑफिसातल्या बाईंचा लॅपटॉप तुझ्या ताब्यात दिला. काम केवढं? वायफाय लागत नाही. दोष कार्डात आहे की विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, एवढंच बघायचं. पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू कर, त्यात वायफाय लागतंय का ते पाहा, मला येऊन सांग. अर्ध्या तासाचं काम. आता साडेबारा वाजले, आणि तू सांगतोस, "सर, मशीनच खराब आहे." वा! नाचता येईना, अंगण वाकडं.

दे तो पेनड्राइव्ह. बाकीच्यांनीही बघा. आत काय आहे? उबंटू २४.०४ ची आयएसओ फाइल, एकटी. लग्नाचा व्हिडिओ टाकावा तशी टाकून दिलीय. फाइल जवळपास सहा जीबीची, आणि फॅट३२ चार जीबीच्या वरची फाइल घेत नाही. पेनड्राइव्हने तुला तिथेच अडवलं होतं. का अडवलं, हे विचारलंस? नाही. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट मारलास आणि कोंबलीस फाइल.

"मित्राचं असंच चालतं" म्हणे. मित्राने त्याच्या पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय बसवलंय, म्हणून त्याला नुसती आयएसओ टाकून भागतं. तू काय बसवलं होतंस? आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रतिमा. ती रूफसने नाहीतर एचरने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. डब्यात पीठ भरून ठेवलं म्हणून पोळ्या होत नाहीत, बाळा.

मागच्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. यूईएफआय पेनड्राइव्हवर फॅटचा विभाग शोधतं. त्यात 'ईएफआय' फोल्डर, त्याच्या आत 'बूट', आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. ती सापडली तर चालवतं, नाहीतर पुढे जातं. एफ१२ दाबल्यावर यादीत पेनड्राइव्ह आला नाही, हे मशीनने तुला दिलेलं उत्तर होतं. ते वाचायचं सोडून तू केलंस काय? लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलंस, रॅम उपसलीस आणि खोडरबरने घासत बसलास! अरे, स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो, मागून विंडोज नीट सुरू होतं, आणि तुला रॅमचा संशय? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

हेही मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्यानंतर कुठलासा व्हिडिओ लावून सेटअपमध्ये शिरलास. सिक्युअर बूट बंद, लेगसी चालू, बूटचा क्रम उलटा. आणखी काय काय? आठवत नाही? सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. उबंटूच्या 'शिम' बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची सही असते. सिक्युअर बूट चालू असतानाही ते उठतं. फुकटचा उद्योग!

आणि त्या उद्योगाचं फळ बघ. निळा पडदा, बिटलॉकर, ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. मशीन सुरू होताना काय काय जसंच्या तसं असायला हवं, ते टीपीएमशी बांधलेलं असतं. त्यात फरक पडला की तो किल्ली देत नाही. चोर आलाय असंच धरून चालतो. डेटा जागेवर आहे, पण कुलपात. महिनाअखेर आहे, पगारपत्रकं त्याच लॅपटॉपमध्ये आहेत, आणि बाई बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना काय सांगू? आमच्या चिरंजीवांनी दिवे लावले म्हणून?

सेटिंग्ज होती तशी परत केलीस तर बहुतेक वेळा ते कुलूप आपसूक उघडतं. पण होती तशी म्हणजे कशी? कुठे लिहून ठेवलंस? खिशात आठ हजारांचा मोबाइल आहे, सेटअपच्या पडद्याचा एक फोटो काढायला काय झालं होतं? आणि त्याच सेटअपमध्ये 'क्लिअर टीपीएम' असाही पर्याय असतो. त्याला हात लावला नाहीस ना? नाही? नशीब बाईंचं. तुझं नव्हे.

आता वही उघड. पहिलं, आठवतील तेवढे बदल, क्रमाने. मग ते एकेक करून उलटे फिरव. प्रत्येक बदलानंतर मशीन सुरू करून पडद्यावर जे दिसेल ते शब्दशः उतरव. तरीही की मागितलीच, तर बाईंच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असण्याची शक्यता आहे. ती त्यांच्याकडून मागून आणायची, आणि तूच जायचं. मी येणार नाही. हे निस्तरल्याशिवाय दुसऱ्या पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. नंतर आयएसओचा शा२५६ ताडून बघ, रूफसने लिही, एफ१२ दाब. वायफाय लागतं की नाही, हा सकाळचा प्रश्न अजून तसाच पडलाय.

आणि तो खोडरबर माझ्या टेबलावर आण. आज तुला नुसतं लिहायचं आहे.