चार दिवस आणि सेहेचाळीस वर्षं

सैनिक गेला की आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. रणात पडला असेल तर पानभर. पंचाहत्तरी ओलांडून घरीच गेला असेल तर चार ओळी : अमुक पदावरून निवृत्त, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल, मागे पत्नी, मुलं, नातवंडं. त्यातल्या ‘कुटुंबवत्सल’पाशी मी नेहमी अडतो. नोकरीची बहुतेक वर्षं ज्याला घर दिसलं ते फक्त सुट्टीत, मुलाच्या बारशाला आणि आईच्या दहाव्याला जो पोहोचू शकला नाही, तो कुटुंबवत्सल होता म्हणजे नेमकं काय करत होता? प्रश्न खवचट नाही. उत्तर शोधायचे कष्ट आपण घेत नाही, एवढंच.

मेजर रामा राघोबा राणे यांचंच बघा. जन्म १९१८चा, कारवारजवळच्या चेंडिये गावचे, वडील पोलीस शिपाई. १९४०मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि १९४७च्या डिसेंबरात अधिकारी झाले. चारच महिन्यांत, ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा ते राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात तुकडीतले दोघे ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. ते मागे गेले नाहीत. रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं उडवायची, सुरुंग हुडकायचे, वळसा घालायला नवी वाट काढायची, आणि हे सगळं गोळीबार चालू असताना. एका टप्प्यावर ते रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत पुढे गेले. ११ एप्रिलच्या सकाळी त्याच रस्त्यावरच्या चिंगसपर्यंतची वाट खुली झाली. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत.

शौर्य म्हटलं की संगीन रोखून धावणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. राणे त्या चार दिवसांत मुख्यतः माती उकरत होते. सुरुंग काढणाऱ्याला आवेश परवडत नाही. घाई केली की संपलंच. हा स्वभाव एका एप्रिलात तयार होत नाही.

पण गौरवपत्र त्या चार दिवसांचंच असतं, आणि ते तसंच असायला हवं. राणे पुढे वीस वर्षं नोकरीत राहिले, १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४मध्ये पुण्यात वारले. म्हणजे त्या एप्रिलनंतर सेहेचाळीस वर्षं. शाळेतल्या भाषणांत ती एका वाक्यातही येत नाहीत. जणू परमवीर ठरलेल्या माणसाने नंतर भाजी आणलीच नाही.

गंमत अशी की ते पदकच मुळी एका फौजी संसारातून आलं. त्याचा आराखडा काढला सावित्री खानोलकर यांनी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी. पहिलं परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा यांना, आणि ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. पदकामागे घर असतं, याचा याहून थेट दाखला मला माहीत नाही.

तर ‘वत्सल’ म्हणजे काय? माझ्या मते लष्करी माणसाचं वात्सल्य बव्हंशी टपालातून चालायचं. लढाईच्या काळात पत्र तपासलं जायचं, ठिकाण लिहायची सोय नव्हती. मग उरायचं काय? ‘मी खुशाल आहे’, आणि त्याखाली प्रश्न : म्हैस व्याली का, धाकटीचा खोकला थांबला का, मनीऑर्डर पोचली का. हे प्रश्न महिनाभर जुने असायचे. उत्तर येईस्तोवर वासरू हिंडायलाही लागलेलं असे. तरी तो विचारत राहायचा. न दिसणाऱ्या घराचा तपशील डोक्यात चालू ठेवणं हे कामच आहे, आणि ते थकवणारं काम आहे.

दुसरी बाजू आपण त्याहून कमी सांगतो. ते घर प्रत्यक्षात चालवलं बाईने : शेत, सासू-सासरे, शाळेची फी, तलाठ्याकडचे हेलपाटे. पेन्शनीत आलेला नवरा पहिलं वर्ष-दोन वर्षं त्या घरात पाहुणाच असतो. डब्यांच्या जागा त्याला ठाऊक नसतात, पण पांघरुणांच्या घड्या सरळ नाहीत हे मात्र दिसतं. मुलं गप्प होतात. जो माणूस इथे हुकूम सोडून चालत नाही हे ओळखतो, आपल्यावाचून बसलेली घडी न विस्कटता तिच्यात जागा करून घेतो, त्यालाच मी कुटुंबवत्सल म्हणेन. सगळे तसे नसतात. म्हणून मृत्युलेखात तो शब्द सरसकट वाटू नये.

अंदमानातल्या एका बेटाला २०२३पासून राणे यांचं नाव आहे. ठीकच आहे. पण सातारा-कोल्हापूरकडच्या अनेक घरांत माळ्यावर एक काळी पत्र्याची पेटी असते, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. ती भंगारात देण्याआधी उघडून बघा. आत पत्रं निघाली तर जपून ठेवा. आणि ज्यांना ती लिहिली होती त्या अजून असतील, तर वाचण्याआधी त्यांना विचारा.