शाळेतील पंगत

दुपारची घंटा होताच गावच्या शाळेतील सहावी ते आठवीची मुले हात धुऊन एका पंगतीस बसतात. थोरली वाढितात, धाकटी जेवितात. २००८ सालापासून सरकारचे हे भोजन देशभर या वर्गांसही मिळू लागले. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, तेव्हा ती मोठ्या धैर्याची गोष्ट होती. आज कित्येक शाळांत मुले तेच सहज करितात. परंतु मूल घरी आल्यावर, “अमक्याच्या घरचे पाणी पिऊ नको,” असे आपण सांगतो काय? तर शाळेने दुपारी पेरिलेले आपण सायंकाळी उपटितो. एका पित्याची लेकरे म्हणविणाऱ्यांनो, आपल्या लेकरांपासून शिका. ज्या शेजाऱ्यास आजवर दूर ठेविले, त्याचेच ताट येत्या रविवारी आधी वाढा.