प्रार्थनेचा दौरा

नाटकाचा दौरा असतो, गाण्याचा असतो. प्रार्थनेचा असू शकतो का?

कोलकात्याच्या एस्प्लनेडवर हा प्रश्न सहज पडावा. धर्मतल्ल्याच्या कोपऱ्यावर १८४२ची टिपू सुलतान मशीद आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की १८३४चे सेक्रेड हार्ट चर्च लागते, आणि मैदानाच्या कडेने दक्षिणेला गेले की १८४७चे सेंट पॉल्स कॅथीड्रल. बाहेरगावचा एखादा ख्रिस्ती गायकवृंद इथे आला, तर तेच स्तोत्र तो आज एका चर्चमध्ये गाईल, उद्या दुसऱ्यात. तिसऱ्या दिवशी ती प्रार्थना उरते की प्रयोग होतो?

रोज तेच म्हटल्याने प्रार्थना शिळी होते, हे आपल्याला पटणार नाही. वारकरी हरिपाठ रोज म्हणतो, आणि वारीत तर चालता चालता गातो. अडचण पुनरुक्तीची नाही, ती समोर बसलेल्या श्रोत्यांची आणि फिरणाऱ्या थाळीची आहे. तुकोबांनी कीर्तनकाराला बजावले आहे की जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये. ही कसोटी कडक आहे, पण ती सगळीकडे पुरते का?

अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या फिस्क विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ साली निघालेली ही संस्था कर्जात बुडाली, तेव्हा १८७१च्या ऑक्टोबरात नऊ विद्यार्थी चर्चा-चर्चांतून गात निघाले. हेच ज्युबिली सिंगर्स. त्यांतले बहुतेक जण गुलामीत जन्मलेले होते. आईवडिलांनी लपूनछपून गाइलेली भक्तिगीते परक्यांपुढे गायला ते आधी कचरत होते. त्यांच्या लेखी ती पवित्र होती, आणि त्यांत गुलामीची दुखरी आठवणही होती. पुढे ती त्यांनी गाइली. लोकांनी दिलेल्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला. याच परंपरेतल्या फ्रेडरिक लाउडिन यांची मंडळी नंतर हिंदुस्थानात आली आणि ताजमहालातही गायली.

यांनी पैसा घेतला म्हणून ती प्रार्थना खोटी ठरली, असे म्हणायला जीभ रेटत नाही. थाळीतला पैसा गाणाऱ्याच्या चैनीला न जाता पुढच्या मुलांच्या शाळेला गेला. शिवाय ती गीते बाहेर न्यावीत की नाही, हे ज्यांची ती होती त्यांनीच ठरवले. दुसऱ्या कुणी ती उचलून मंचावर नेली असती, तर सूर तेच राहूनही ती लूट झाली असती.

पण यात यजमान मंडळीचाही वाटा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. पाहुण्यांचे गाणे जितके सफाईदार, तितके बाकांवरचे लोक गप्प होतात. रविवारी बेसूर का होईना, पण आपल्या तोंडाने गाणारी माणसे त्या दिवशी प्रेक्षक होतात. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग आणि भजनांच्या रूपात आणली, ती मराठी माणसाला स्वतःच्या तोंडाने गाता यावी म्हणून. ऐकून वाहवा करण्यापुरती ती नव्हती.

तेव्हा दौऱ्यावरच्या गायकवृंदाला विचारायचा प्रश्न साधा आहे. शेवटचे गीत कोण गाणार? ते यजमानांच्या भाषेत, त्यांच्या चालीवर सगळ्यांनी मिळून गाइले आणि पाहुणे त्यात अडखळत का होईना सामील झाले, तर आधीचे सारे गाणेही प्रार्थनेत जमा होते. नाहीतर तो चांगला कार्यक्रम होतो. त्यातही वाईट काही नाही, फक्त त्याला प्रार्थना म्हणू नये.