जरा आणि मलम

गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर चहा चालला होता. दोनच वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील उपासिकेने संकोचत मला विचारले, "दादा, सुरकुत्या घालवायच्या या क्रीममध्ये खरेच काही असते का? लेकीने आणून दिली आहे. आणि आपण आता बौद्ध झालो, तर असले काही लावलेले चालते का?" मी उत्तर देण्यापूर्वीच एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "ताई, शरीर अनित्य आहे. मलमे कसली लावता?" चारजण हसले, ताई गप्प झाल्या आणि विषय तेथेच संपला. हे उपासक दर पंधरा दिवसांनी केसांना कलप लावतात, हे येथे नमूद केलेले बरे.

पूर्वी आपल्या माणसाला गप्प करण्यासाठी 'नशीब' हा शब्द पुरेसा होता. दीक्षेनंतर तेच काम कोणी 'अनित्य' या शब्दाकडून करून घेऊ लागला, तर आपण धर्म बदलला की नुसता शब्द बदलला? ताईंनी एकदम दोन प्रश्न विचारले होते. एक वस्तुस्थितीचा आणि दुसरा शीलाचा. दोन्हींची उत्तरे त्यांना मिळायला हवी होती.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरेची कथा बाबासाहेबांनी नाकारली, हे आपण जाणतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांचा आक्षेप अगदी सरळ आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्यात दाखविले. मी यातून असे समजतो की, म्हातारपण सर्वांना येते एवढे सांगून धम्माचे काम भागत नाही. ते कोणाला लवकर येते आणि कशामुळे येते, हेही विचारावे लागते.

आता पहिला प्रश्न. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि बाहेरचे आत जाऊ न देणे हेच त्याचे काम. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन असते ते खालच्या थरात. डबीवर 'कोलॅजेनयुक्त' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असले, तरी त्याचा रेणू इतका मोठा असतो की वरून चोळून तो खाली उतरत नाही. मग क्रीम लावल्यावर चेहरा टवटवीत दिसतो तो कशाने? पाण्याने. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही, वरचा थर थोडा फुगतो आणि बारीक रेषा झाकल्या जातात. त्वचा पुन्हा सुकली की रेषा पुन्हा दिसतात. कोरड्या कातडीला आराम पडतो हे खरे, परंतु तेवढे काम स्वस्तातली साधी डबीही करते.

सुरकुत्यांचे मोठे कारण नुसते वय नव्हे. आपल्या दंडाची आतली बाजू पाहा आणि मग आरशात चेहरा पाहा. दोन्हींचे वय एकच आहे. मधला फरक बहुतांशी उन्हाचा आहे. उन्हातील अतिनील किरण खालच्या थरातील कोलॅजेन वर्षानुवर्षे तोडीत राहतात. तंबाखूचा धूरही तेच करतो. ताई पंचेचाळिशीच्या आहेत. वीस वर्षे रोजाने कापूस वेचायला जातात. नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवून, डोक्याला फडके बांधून. त्याच वयाची, पंख्याखाली बसून नोकरी करणारी बाई त्यांच्याशेजारी उभी केली, तर लोक एकीला ताई म्हणतील आणि दुसरीला आजी. या दोघींतील अंतराला जरा म्हणता येत नाही. ते मजुरीने पाडलेले अंतर आहे. 'शरीर अनित्य आहे' हे उत्तर या अंतरावर पांघरूण घालते, म्हणून मला ते खटकले.

तेव्हा खरा उपयोग होतो तो ऊन अडविण्याचा. ऑस्ट्रेलियातील नंबूर येथे ९०३ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेच्या म्हातारपणाची वाढ दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी आढळली. ते बहुतेक गोरे लोक होते. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन अधिक असल्याने निसर्गानेच थोडे संरक्षण दिलेले आहे, म्हणून तोच आकडा आपल्याला लावता येणार नाही. आणि ज्याला सनस्क्रीन परवडत नाही, त्याला रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आहेच.

सुरकुत्यांवर खरोखर परिणाम करणारे एक औषध मात्र आहे. त्याचे नाव ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वापासून बनलेले आम्ल मूळचे तारुण्यपीटिकांवर वापरले जाई. उन्हाने बिघडलेल्या त्वचेवरही ते काम करते, असे फिलाडेल्फियाचे डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले आणि पुढे ते इतरांच्या चाचण्यांतही टिकले. परिणाम दिसायला महिने लागतात, कातडी लाल होते, सोलते, आणि गरोदर बाईने ते वापरायचे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पण या औषधामागचा इतिहास आपल्या लोकांना ठाऊक असला पाहिजे. याच क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. त्यांत रसायने होती, मलमे होती, आणि पुढे ट्रेटिनॉइन म्हणून विकल्या गेलेल्या औषधाच्या चाचण्याही होत्या. कैद्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यांना चार डॉलर मिळत आणि अंगावर काय लावले जात आहे याची पुरती कल्पना दिली जात नसे. विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली याबद्दल माफी मागितली. कोणाच्या तरी गालावरची रेघ पुसण्यासाठी कोणाची तरी पाठ वापरली गेली. पाठ कोणाची, हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून औषध खोटे ठरत नाही, ते टाकून द्यावे असेही मी म्हणत नाही. परंतु डबीवर कोणाचे कर्ज आहे, ते डबीवर छापलेले नसते.

गोरेपणाच्या मलमांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांना म्हातारपणाशी काही देणेघेणे नाही. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' असे नाव घेतले. नाव बदलण्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे सावळी कातडी हा दोष आहे, असे घरोघर शिकवून झाले होते. सुरकुत्यांच्या मलमात हेच 'उजळपण' आता गुपचूप मिसळून विकले जाते. गल्लीतल्या बिनानावाच्या डब्यांत तर पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडे निकामी करतो. अकोल्यातील एकाच घरच्या तीन बायकांना असे क्रीम लावून मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आली होती. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे.

राहिला दुसरा प्रश्न, चालते का? पंचशीलांत लेपनाला मनाई नाही. ती अष्टशीलात आहे, म्हणजे उपासिका उपोसथाचा दिवस पाळते तेवढ्यापुरती. खोटे बोलू नये हे शील मात्र रोजचे आहे. ते लावणाऱ्या बाईपेक्षा डबीवर मजकूर छापणाऱ्याला अधिक लागू पडते. आणि नीटनेटके दिसण्याला आपल्या चळवळीने कधी कमी लेखलेले नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले ते लुगडे कसे नेसावे आणि अस्पृश्यतेची खूण बनलेले दागिने का टाकावेत हेच. ज्या स्मृतीने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली, ती त्याच सभेत जाळली गेली.

संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीला संध्याकाळी तथागत मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. आनंद त्यांचे हातपाय चोळीत आहे आणि चोळता चोळता त्याच्या लक्षात येते की कातडी आता पूर्वीसारखी तेजस्वी राहिलेली नाही, सुरकुतली आहे, पाठ वाकली आहे. तो ते बोलून दाखवितो. तथागत ते मान्य करतात. कोणी हसत नाही आणि आनंदाचा हातही थांबत नाही.

पुढच्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो आणि हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग क्रीम लेकीला परत देऊ?" मी म्हटले, "नको. तिने प्रेमाने आणली आहे. रात्री हातांना आणि टाचांच्या भेगांना लावा, बरे वाटेल." त्यांनी डबी फळीवर ठेवली. मग विचारले, "अन् उन्हाचे काय, दादा? मालक बारा ते तीन सावलीला बसू देत नाही." याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हाच विषय ठेवला आहे आणि ज्येष्ठ उपासकांनाही बोलावले आहे.